घराचं इंटिरियर: खोलीगणिक पुन्हा पुन्हा विचारले जाणारे प्रश्न

ठाणे, डोंबिवली, बदलापूर या पट्ट्यात आणि थोडंफार पुण्यात आम्ही घरांची कामं करतो. बहुतेक घरं वन किंवा टू बीएचके, कार्पेट चारशे ते सातशे स्क्वेअर फूट. फोनवर, साईटवर आणि लग्नाच्या पंगतीत शेजारी बसलेल्या पाहुण्यांकडून जे प्रश्न हमखास येतात, त्यांची उत्तरं इथे एकत्र केली आहेत. बंगल्यांचा अनुभव आम्हाला कमी, त्यामुळे त्याबद्दल इथे काही सापडणार नाही.

## कामाला हात घालण्याआधी

फ्लॅटची चावी मिळाली. आधी डिझायनर गाठू की सुतार?

आधी टेप आणि वही. शक्य असेल तर जुन्याच सामानासकट दोन-तीन आठवडे त्या घरात राहून बघा. बाहेरून आल्यावर पिशवी कुठे टेकवली जाते, पेपर कोण कुठे वाचतं, दुपारचं ऊन कुठल्या भिंतीवर येतं, वारा कुठून शिरतो, हे सगळं त्या दिवसांत कळतं आणि कुठल्याही थ्रीडी चित्रात ते दिसत नाही. आमच्याच एका कामात हॉलच्या खिडकीखाली भिंतभर क्रॉकरी युनिट केलं. राहायला आल्यावर लक्षात आलं की आजींच्या खुर्चीला वारा लागेल अशी घरात तेवढी एकच जागा होती. युनिट काढलं नाही, पण त्या घरी गेलो की आजी अजून त्याच्याकडे बघून मान हलवतात.

नव्या बिल्डिंगमध्ये भिंतीला ओल दिसतेय. इंटिरियरच्या कामात झाकून टाकू का?

अजिबात नाही. फोटो काढा आणि बिल्डरला लेखी कळवा. रेरा कायद्यानुसार ताबा मिळाल्यापासून ५ वर्षांच्या आत बांधकामाच्या दर्जातला दोष दाखवून दिला, तर ३० दिवसांत तो विनामूल्य दुरुस्त करून देणं बिल्डरवर बंधनकारक आहे. पण आधी तुम्ही भिंत फोडलीत, टाइल बदललीत, की बोट तुमच्याकडेच वळतं. म्हणून तक्रार आधी, छिन्नी-हातोडा नंतर.

कुठली भिंत पाडता येते?

कॉलम, बीम आणि स्लॅबला हात लावायचा नाही, वायरची झिरी मारण्यापुरताही नाही. अनेक नव्या टॉवरमध्ये भिंतीच आरसीसीच्या असतात, तिथे पाडण्याचा विषयच संपतो. जुन्या लोड बेअरिंग इमारतीत विटांची भिंत स्वतःच वरचा भार पेलत असते. साधी पार्टिशनची भिंत असली तरी सोसायटीचं पत्र आणि स्ट्रक्चरल इंजिनियरचा होकार घ्या. बाथरूम किंवा स्वयंपाकघर उचलून दुसरीकडे नेणं आम्ही टाळतोच, कारण खालच्या घरातल्या बेडरूमवर तुमची मोरी आणून बसवण्यासारखं आहे ते. नवी पार्टिशन हवी असेल तर सिपोरेक्सचे हलके ब्लॉक किंवा जिप्सम बोर्ड वापरा, विटांचं वजन नको.

प्लायवुडमध्ये एवढे प्रकार. नेमकं काय मागायचं?

दोन शब्द लक्षात ठेवा: एमआर आणि बीडब्ल्यूपी. एमआर म्हणजे दमटपणा सोसणारं, पाणी नव्हे. बीडब्ल्यूपी, ज्याला बाजारात मरीन म्हणतात, ते उकळत्या पाण्याच्या चाचणीत टिकणारं. त्यावर आयएसआयच्या खुणेसोबत ‘आयएस ७१०’ छापलेलं असतं, एमआरवर ‘आयएस ३०३’. सिंकखाली, बाथरूमच्या भिंतीला टेकणाऱ्या कपाटात आणि स्वयंपाकघरात खाली सगळीकडे ७१०. हॉलच्या टीव्ही युनिटला ३०३ पुरतं.

सांगाड्याला १८ मिमी, पाठीला ६ मिमी. बाहेरून १ मिमीचा सनमायका आणि आतून पातळ लायनर, पण आत काहीतरी लावलेलं हवंच. नुसता रंग मारलेलं कपाट पहिल्या पावसाळ्यात वास मारायला लागतं. शीट आठ बाय चारची, म्हणजे ३२ स्क्वेअर फूट, येते. सुताराने सांगितलेल्या शीट या हिशेबाने स्वतः मोजून बघा आणि माल घरात आला की सनमायका चढण्याआधी प्रत्येक शीटवरचा शिक्का पाहा. एकदा चढला की आत ७१० आहे की खोक्याचं लाकूड, हे फक्त सुताराला आणि देवाला ठाऊक.

एमडीएफ आणि पार्टिकल बोर्ड वाईट असतात का?

दोन्ही लाकडाचा भुसा-तुकडे दाबून केलेले बोर्ड. वाईट नाहीत, जागा चुकते. कोरड्या खोलीत, डिझाइन कोरलेल्या शटरला एमडीएफ छान दिसतो. पण एकदा पाणी शिरलं की तो फुगतो आणि परत बसत नाही. कोकणात किंवा मुंबईच्या खाडीकाठी राहत असाल तर पार्टिकल बोर्डाचं स्वस्त रेडीमेड कपाट घेताना चारदा विचार करा.

खर्चाचा अंदाज कसा काढायचा?

आकडा इथे देत नाही, कारण शहर, माल आणि वर्ष बदललं की तो खोटा ठरतो. पद्धत सांगते. कपाटाचा दर समोरच्या स्क्वेअर फुटावर लागतो: सात फूट रुंद, सात फूट उंच म्हणजे ४९ फूट. वरचा लॉफ्ट बहुतेक जण वेगळा लावतात, तो विचारून घ्या. ड्रॉवर, चॅनेल, हँडल, आतला आरसा दरात आहेत का, हेही. जीएसटी १८ टक्के वर की आत, ते लेखी घ्या. आणि शेवटचे १० टक्के पैसे हातात ठेवा. घरात आठवडाभर राहून सगळे ड्रॉवर, नळ, स्विच चालवून झाल्यावरच ते द्या. यावर कंत्राटदार नाराज झाला तर होऊ द्या. मी स्वतः कंत्राटं घेते आणि तरीही हेच सांगते.

पैसे कमी असतील तर वायरिंग, प्लंबिंग, वॉटरप्रूफिंग, बिजागऱ्या आणि प्लाय यांत काटकसर नको. ती फॉल्स सीलिंग, पॅनेलिंग आणि सोफ्याच्या कापडात करा. सोफा पाच वर्षांनी बदलता येतो, भिंतीतली वायर बदलायला घर उकरावं लागतं.

## स्वयंपाकघर

ओट्याची उंची किती ठेवायची?

सरसकट ३२ ते ३४ इंच सांगितली जाते. आम्ही एक साधी रीत वापरतो. स्वयंपाक करणारी व्यक्ती सरळ उभी राहून कोपर वाकवते, त्या कोपरापासून चार-पाच इंच खाली ओटा. पाच फूट दोन इंच उंचीच्या बाईंना साधारण ३४ इंच येतात. पण शेगडी ओट्यावर ठेवायची असेल तर तिची उंची वर येते आणि मोठ्या पातेल्यात डाव फिरवताना खांदा भरून येतो. तिथे ओटा इंच-दोन इंच खाली घ्या, किंवा शेगडी ओट्यात बसवून घ्या. पोळ्या लाटायला थोडी खालची जागा सोयीची पडते. एका घरात आम्ही ओट्याला जोडून चार इंच खाली एक सरकता फळा काढला. त्या काकू म्हणाल्या, सगळ्या कामात हेच बरं केलंत.

ग्रॅनाइट, क्वार्ट्झ की मार्बल?

आपल्या स्वयंपाकाला ग्रॅनाइट, आणि तोही गडद. मार्बलवर लिंबू, कोकम, चिंच सांडली की चकाकी जाऊन तिथे कायमचा डाग उमटतो. पांढरा क्वार्ट्झ फोटोत सुंदर दिसतो, पण हळद त्याला सोडत नाही, आणि गरम कढई थेट ठेवलेलीही त्याला चालत नाही. हळदीचा दुसरा बळी म्हणजे टाइलच्या सांध्यांत भरलेला पांढरा ग्राउट. शेगडीच्या मागे इपॉक्सी ग्राउट भरा, महाग पडला तरी.

ट्रॉल्यांचा सांगाडा प्लायचा की कडप्प्याचा?

हा प्रश्न तरुण जोडपी विचारत नाहीत, त्यांच्या आया विचारतात आणि बरोबर विचारतात. कडप्प्याला वाळवी लागत नाही, पाण्याने तो फुगत नाही. तोटा असा की तो जड असतो, जागा खातो आणि पुढेमागे बदल करायचा तर फोडावा लागतो. आमचा मध्यममार्ग: सिंकखाली आणि सिलिंडरच्या जागी कडप्पा, बाकी मरीन प्लाय. तळमजल्यावर किंवा वाळवीचा इतिहास असलेल्या जुन्या इमारतीत मात्र सगळाच कडप्पा. स्टीलच्या जाळ्या घेताना ३०४ ग्रेड मागा. २०२ची जाळी सिंकजवळ गंजते.

ट्रॉल्यांचा क्रम कसा असावा?

दुकानातलं तयार पॅकेज घेऊ नका. आधी घरातली भांडी बाहेर काढून जमिनीवर मांडा. आपल्याकडे ताटं-वाट्या असतात, खोल पातेली असतात, कुकर तीन आकारांचे असतात, वर्षाकाठी दोनदाच निघणारं पुरणयंत्र असतं. पॅकेजमधल्या कपबशीच्या जाळीत यातलं काहीच बसत नाही. शेगडीखाली मोठी भांडी, तिच्या शेजारच्या वरच्या ड्रॉवरमध्ये मिसळणाचा डबा, डाव, उलथनं. सिंकच्या शेजारी ताटं-वाट्या. कोपऱ्यात फिरणाऱ्या महागड्या यंत्रणेऐवजी साधं खोल कपाट ठेवा आणि त्यात पाहुण्यांची भांडी टाका.

वर्षाचे गहू-तांदूळ भरून ठेवत असाल तर पिंपांची जागा पहिल्याच दिवशी सांगा. चाळीस-पन्नास किलोचं पिंप माळ्यावर चढवायचं नसतं. घरघंटी असेल तर तिचीही. ती चालू असताना थरथरते, पीठ उडतं, आवाज होतो. ड्राय बाल्कनीच्या कोपऱ्यात तिला १६ अँपिअरचा स्वतंत्र पॉइंट द्या.

सिलिंडर किंवा पाइपचा गॅस कपाटात बंद केला तर चालेल का?

हवा खेळती असेल तरच. एलपीजी हवेपेक्षा जड असतो, गळला तर खाली साचतो. म्हणून सिलिंडरच्या कपाटाला तळाशी जाळी हवी. पाइपचा गॅस हवेपेक्षा हलका, तो वर जातो, त्यासाठी वरच्या बाजूला जाळी हवी. मीटर आणि बंद करायचा कॉक सहज हाताला लागला पाहिजे, पाठीमागे स्क्रूने बंद केलेला नको. पाइपलाइन हलवायची असेल तर गॅस कंपनीच्याच माणसाकडून. सुतार ‘मी करतो’ म्हणेल. नको म्हणा.

चिमणी लागतेच का?

पोळी-भाजीपुरत्या स्वयंपाकाला चांगला एक्झॉस्ट फॅन पुरतो. मासे तळणं, रोजच्या खमंग फोडण्या असतील तर चिमणी घ्या, शेगडीपासून साधारण २६ ते ३० इंच वर. तिची नळी बाहेर जाणारी, आखूड आणि शक्यतो सरळ हवी. नळी तीन वळणं घेत दहा फूट गेली तर महागड्या चिमणीचाही दम निघतो.

ओपन किचन करू का?

लसणाची फोडणी हॉलच्या पडद्यांत मुरलेली चालत असेल तर करा. नाहीतर मधे काचेचा सरकता दरवाजा.

किती प्लग पॉइंट?

वाटतात त्याच्या दुप्पट. फ्रीज, मिक्सर, मायक्रोवेव्ह, पाण्याचा फिल्टर, चिमणी, इंडक्शन आणि मोबाइल. यातले तीन तरी १६ अँपिअरचे. १६ अँपिअरच्या पॉइंटला २.५ स्क्वेअर मिमीची तांब्याची वायर, गीझर आणि एसीला आम्ही ४ची ओढतो, दिव्यांना १.५. मेन बोर्डात ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी आहे ना, ते बघाच. ओल्या हाताने शॉक बसला तर वीज तोडणारा तोच.

## हॉल

फॉल्स सीलिंग करावं का?

तुमच्या फरशीपासून छतापर्यंतची उंची आधी मोजा. नव्या इमारतींत ती साधारण साडेनऊ फूट मिळते, कुठे नऊच. सगळीकडे फॉल्स सीलिंग केलं की चार-सहा इंच जातात. पंख्याची पाती छतापासून किमान फूटभर खाली हवीत, नाहीतर तो हवा ओढू शकत नाही, नुसता फिरतो. एवढं सगळं वजा केल्यावर उंच मुलाने हात वर करून टी-शर्ट घातला की काय होईल, ते तुम्हीच बघा. आम्ही बहुतेक घरांत फक्त कडेने दीड-दोन फुटांचा पट्टा करतो आणि मधला भाग मोकळा सोडतो. पीओपीपेक्षा जिप्सम बोर्डाचं काम कोरडं आणि लवकर होतं, पण वरच्या मजल्यावरून गळती झाली तर दोन्ही सारखेच पोपडे धरतात.

झोपाळा टांगायचा आहे.

टांगा की, हॉलमध्ये बंगई असलेलं घर वेगळंच. पण हुक आरसीसीच्या स्लॅबमध्ये किंवा बीममध्ये, इंजिनियरला विचारून आणि फॉल्स सीलिंग होण्याआधी. पुढे-मागे झोका जाईल एवढी रिकामी जागा लागते, आणि ती नेमकी टीव्ही आणि सोफ्याच्या मधलीच असते. घरात भांडणं झाली तर आम्ही जबाबदार नाही.

टीव्ही किती उंचीवर आणि किती मोठा?

सोफ्यावर बसल्यावर डोळ्यांच्या रेषेत पडद्याचा मध्य यायला हवा. फरशीपासून साधारण ४० ते ४४ इंच. हॉटेलातल्यासारखा वर टांगलेला टीव्ही मान दुखवतो. ५५ इंची टीव्हीला सोफा सात ते नऊ फुटांवर हवा. दहा फूट रुंद हॉलमध्ये त्याहून मोठा घेऊ नका, दुकानदार काहीही म्हणो.

गणपती कुठे बसवायचा?

हा प्रश्न कोणी सुरुवातीला विचारत नाही, आणि भाद्रपद आला की फोन सुरू होतात. घरी गणपती येत असेल तर हॉलमध्ये चार बाय तीन फुटांची एक जागा आताच ठरवा, जिथून फक्त एखादी खुर्ची किंवा हलकं टेबल उचललं की चौरंग बसेल. मागे दिव्यांच्या माळांसाठी प्लग, समई आणि निरांजन पडद्यापासून लांब, आणि आरतीला दहा माणसं उभी राहतील एवढी समोर जागा. एका घरात ही जागा हवी म्हणून टीव्ही युनिटचा खालचा भाग आम्ही चाकांवर केला. वर्षभर ते कुणाच्या लक्षातही येत नाही.

भिंतींना रंग कुठला?

नमुन्याच्या पुस्तकातल्या दोन इंची चौकोनावर विश्वास ठेवू नका. छोटा डबा आणून दोन बाय दोन फुटांचा पट्टा दोन वेगवेगळ्या भिंतींवर मारा आणि तो सकाळी, दुपारी आणि रात्री दिव्यात बघा. पश्चिमेच्या खिडकीतून संध्याकाळचं ऊन येणाऱ्या खोलीत क्रीम रंग पिवळाजर्द दिसू लागतो, तर इमारतीच्या डक्टकडे तोंड असलेल्या खोलीत करडा रंग थेट उदास करतो.

रंगापेक्षा महत्त्वाची ओल. बाहेरच्या भिंतीतून पाणी येत असेल तर आतून कितीही थर द्या, पुढच्या आषाढात पोपडे सुटणारच. बाहेरची भेग आधी बुजवायला हवी आणि त्यासाठी सोसायटीच्या मागे लागायला हवं. नैर्ऋत्येचा पाऊस झोडपणाऱ्या भिंतीवर वॉलपेपर लावू नका, त्याच्या मागे बुरशी धरते.

दिवे पिवळे की पांढरे?

बसायच्या आणि झोपायच्या खोलीत ३००० केल्विन, म्हणजे पिवळसर; स्वयंपाकघर आणि अभ्यासाला ४०००, म्हणजे मधला. ६५०० लिहिलेला पांढराशुभ्र दिवा दवाखान्याची आठवण करून देतो, तरी आपल्याकडे सगळ्यात जास्त तोच खपतो. एका खोलीत दोन-तीन रंगांचे दिवे मिसळू नका.

## बेडरूम

दहा बाय अकराच्या खोलीत किंग साइज बेड बसेल का?

बसेल, पण हिशेब करा. गादी ७२ बाय ७८ इंच. हेडबोर्ड धरून लांबी झाली ८१. अकरा फूट म्हणजे १३२ इंच, उरले ५१. समोर २४ इंच खोल कपाट केलं की चालायला २७ इंच राहतात. एवढ्या जागेत उघडणारी दारं केली तर एकाने कपाट उघडल्यावर दुसऱ्याने बेडवर चढून जायचं. म्हणून तिथे सरकती दारं. मात्र सरकत्या दारांच्या रुळाला दोन-तीन इंच खोली जास्त लागते, तेही धरा. नाहीतर ६० बाय ७८ची गादी घेऊन बेड भिंतीकडे सरकवा. पाच फुटांत दोघं व्यवस्थित झोपतात.

कपाटात बुरशी येते. काय चुकलं?

बहुधा कपाटाची पाठ बाथरूमच्या किंवा बाहेरच्या भिंतीला घट्ट चिकटली आहे. मागे इंचभर फट ठेवली, वर-खाली हवेला छोटी जाळी दिली आणि पावसाळ्यात आठवड्यातून एकदा दारं उघडून पंखा लावला की बराच फरक पडतो. डांबराच्या गोळ्या वास झाकतात, ओल नाही.

साड्या हँगरला लावू की घडी करून ठेवू?

रोजच्या सुती, सिंथेटिक साड्या हँगरला. पैठणी किंवा जरीची जड साडी टांगून ठेवली की तिच्याच वजनाने ताणते. ती मलमलच्या कापडात गुंडाळून सपाट ठेवा आणि दोन-तीन महिन्यांनी घडी मोडून दुसरीकडून घाला, नाहीतर त्याच रेषेवर जर तुटते. यासाठी कपाटात सहा इंच उंचीचे दोन रुंद, उथळ ड्रॉवर मागून घ्या. कुठल्याही तयार डिझाइनमध्ये ते नसतात.

बेडमध्ये हायड्रॉलिक स्टोरेज?

पाहुण्यांच्या गाद्या आणि गोधड्या कुठेतरी जायलाच हव्यात, त्यामुळे हो. फक्त साठीच्या पुढची मंडळी ज्या खोलीत झोपतात तिथे उचलायच्या फळ्याऐवजी बाजूचे ड्रॉवर.

## मुलांची खोली

कार्टूनच्या थीमवर करू का?

चादर आणि पडदे करा. सहा वर्षांची मुलगी आठव्या वर्षी त्या परीला कंटाळते, आणि परी बिचारी पीयू पेंटमध्ये भिंतभर कायमची. लाकडाचं काम साधं ठेवा. टेबल ३० इंच उंच करा आणि लहान मुलासाठी खुर्ची वरखाली होणारी, पायाखाली छोटा पाट. उजव्या हाताने लिहिणाऱ्याच्या डावीकडून प्रकाश यावा. खिडकीला ग्रिल आहेच, पण तिच्याखाली बेड किंवा चढता येईल असं काही ठेवू नका.

## बाथरूम

टाइलवर टाइल लावली तर चालेल?

बेडरूमच्या फरशीला चालतं, फक्त दारं खालून कापावी लागतात आणि वजन वाढतं. बाथरूममध्ये नाही. जुनी टाइल काढून वॉटरप्रूफिंग करण्याची तीच एक संधी असते. वॉटरप्रूफिंग झालं की नव्या टाइल लागण्याआधी पाणी तुंबवून ४८ तास ठेवा आणि खालच्या मजल्यावर जाऊन छत बघून या. खालच्या काकांशी त्या निमित्ताने ओळखही होते, ती पुढे उपयोगी पडते.

पाणी कोपऱ्यात साचतं.

उतार चुकला. चार फुटांमागे अर्धा ते पाऊण इंच उतार नहाणीच्या जाळीकडे हवा. टाइल सुकण्याआधी बादलीभर पाणी ओतून बघा, मिस्त्रीसमोर. नंतर तो सापडत नाही.

घरात वयस्क माणसं आहेत.

गुळगुळीत मोठ्या टाइल टाळा, खरखरीत अँटिस्किड आणि लहान आकाराच्या घ्या, सांध्यांमुळे पाय कमी घसरतो. कमोडशेजारी आणि नळाजवळ पकडायला दांडा, तो टाइलवर नव्हे तर मागच्या भिंतीत पक्का रोवलेला. दार बाहेर उघडणारं किंवा सरकतं, कारण आत कोणी पडलं तर आत उघडणारं दार अडतं. हे सगळं भिंत उघडी असतानाच करायचं. पन्नाशीतल्या लोकांना हे सांगितलं की ते हसतात आणि ‘अजून वेळ आहे’ म्हणतात. दांडा आज नको असेल तर निदान त्याची जागा भरीव करून ठेवा.

बोअरिंगचं खारं पाणी असेल तर काळे मॅट नळ घेऊ नका, पांढरे ठिपके पुसून हात दुखतील.

## देवघर, बाल्कनी आणि उरलेलं

देवघर कुठे? वास्तूचं काय?

ईशान्य मिळाली तर उत्तम. चारशे फुटांत ती नेमकी कमोडच्या जागी येते, तेव्हा मी गुरुजींना विचारा म्हणते आणि ते नेहमी काहीतरी तोडगा देतात. आमचं काम वेगळं आहे. दिव्याच्या ज्योतीवर किमान दोन फूट काहीही लाकडी नको, खाली ग्रॅनाइटची पट्टी हवी, मागे काजळी पुसता येईल अशी टाइल, आणि वाती, कापूर, उदबत्तीसाठी ड्रॉवर. घरात कोणी बसून पूजा करत असेल तर देव्हारा त्यांच्या बसलेल्या नजरेच्या उंचीवर. भिंतीवरचा छोटा देव्हारा हा उभ्याने नमस्कार करणाऱ्यांसाठी असतो.

बाल्कनी खोलीत घेऊ का?

परवानगीशिवाय नाही. आणि घेतलीत तर जुलैमध्ये कपडे कुठे वाळत घालणार, ते आधी सांगा. छताला दोरीने वरखाली होणारे स्टँड लावले तर चार बाय आठच्या बाल्कनीत दोन मशीनचे कपडे वाळतात आणि खाली तुळस व खुर्ची दोन्ही राहतात.

भाड्याच्या घरात काय करता येईल?

पडदे, उभे दिवे, मोठी सतरंजी, चाकांची ट्रॉली. भिंतीत खिळा ठोकण्याआधी घरमालकांना फोन.

काम किती दिवस चालतं?

टू बीएचकेला साधारण ४५ ते ६० दिवस, पावसाळ्यात त्याहून जास्त, कारण पुट्टी आणि पॉलिश सुकत नाही. त्यात दुपारी आवाजाच्या कामाला सोसायटीची बंदी असते. ‘दसऱ्याला गृहप्रवेश’ असं ठरवून ऑगस्टमध्ये येणाऱ्यांना आम्ही पाडव्याची तारीख देतो.

आजोबांचं सागवानी कपाट आहे. नव्या घरात ते विजोड दिसेल का?

फेकू नका, आणि भंगारवाल्याला तर मुळीच देऊ नका. पन्नास-साठ वर्षं जुना सागवान आता त्या जाडीत सहज मिळत नाही. बिजागऱ्या बदला, जुना रंग घासून काढा, पातळ पॉलिश करा. फार उंच असेल तर दोन भाग होतात: खालचा भाग हॉलमध्ये चपला आणि छत्र्यांना, वरचा काचेचा पुस्तकांना. एका घरात असं कपाट मुलांच्या खोलीत लावलं. दाराच्या आतल्या बाजूला आजोबांनी पेन्सिलीने लिहिलेला १९६८ सालचा दुधाचा हिशेब निघाला. पॉलिशवाल्याला तेवढा चौकोन सोडून घासायला सांगितलं.